विचारवंताचे हात

माणसाचं चित्र काढायचं तर त्या माणसानं एका जागी बसायला लागतं. एवढीच अट असते. लिंबू बसतं, मडकं बसतं, आमच्या चित्रकलेच्या खोलीतलं तीन पायांचं स्टूलसुद्धा गुमान बसतं. विचारवंत बसत नाहीत. त्यांच्या डोक्यात समाज असतो, आणि समाज सारखा हलत असतो म्हणे.

मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. पोरं मला ड्रॉइंगसर म्हणायची. बाकीचे शिक्षक काहीच म्हणायचे नाहीत, कारण माझा तास हवा असेल तेव्हाच त्यांना माझी आठवण व्हायची. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती आणि गावात क्लासेसचं पेव फुटलं होतं. ज्या गल्लीत पूर्वी म्हशी बांधलेल्या असायच्या त्या गल्लीत फिजिक्स सुरू झालं होतं. म्हशी कुठं गेल्या ते कुणी विचारलं नाही. परभणी, बीड, हिंगोलीकडून आईबाप पोरांना पत्र्याच्या पेटीसकट आणून सोडायचे आणि डोळे पुसत परतीची एसटी धरायचे. चौकाचौकात बोर्ड, बोर्डावर गुणवंतांचे पासपोर्ट साइजचे चेहरे. एकच पोरगा चार वेगवेगळ्या क्लासच्या बोर्डांवर हसताना मी स्वतः पाहिलाय. बिचारा नक्की कुणामुळे हुशार झाला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अशा गावात चित्रकलेच्या तासाची जी इज्जत असायची तीच आमच्या शाळेत होती. आठवड्याला दोन तास होते, त्यातला एक गणितानं खाल्ला. उरलेल्या एकावर फिजिक्सचा डोळा होता, आणि माझ्या खोलीवर संस्थेचा. त्यांना टेस्ट सिरीजसाठी मोठा हॉल पाहिजे होता. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि विचारलं की ड्रॉइंगमुळे आजवर कुणी डॉक्टर झालंय का. मी म्हणालो, बेडकाची आकृती काढायला लागते ना. ते म्हणाले, बेडूक बायॉलॉजीवाले बघतात. मला राग लवकर येतो, पण त्या दिवशी चहा त्यांचा होता, म्हणून गिळला.

मग ते मुद्द्यावर आले. संस्थेच्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांचं तैलचित्र करून घ्यायचं होतं. भूकंपाला दहा वर्षं झाली की कार्यक्रम, त्यात अनावरण. आणि त्याच मंडळाची दिवाळीच्या आधी बैठक होती, त्यात तासाचा आणि खोलीचा निकाल लागणार होता. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले की तुमचं काम सरांच्या नजरेत येईल. मी काही इतका बावळट नाही. चित्र चांगलं झालं तर तास वाचेल, नाही झालं तर मी आणि माझं स्टूल, दोघं बाहेर.

हे अध्यक्ष म्हणजे नांदेडचे निवृत्त प्राचार्य. आमच्याकडचे नामांकित विचारवंत. पाणी, स्त्री, भाषा, तरुण पिढी, साखर कारखाना, विषय कुठलाही असो, माइक दिसला की त्यांना विचार सुचायचा. भूकंपावर त्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पाचव्या दिवशी पत्रकारांच्या गाडीतून आपण किल्लारीला पोचलो आणि गाडीच्या काचेतूनच आपले डोळे भरून आले, असं त्यांनीच त्यात लिहिलं होतं. म्हणजे तोवर त्यांना ते नीट आठवत होतं.

भूकंपाशी माझाही संबंध होता, पण त्यावर पुस्तक होण्यासारखा नव्हता. गेलेल्या माणसांच्या तसबिरी करून द्यायचो. लोक लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा दाखवायचे आणि म्हणायचे, हेच, पण जरा हसरे होते. दीड-दोन वर्षं मी तेच केलं. सगळे चेहरे छातीपर्यंत. त्याखाली फुलांचा हार यायचा, म्हणून खाली काही काढायची वेळच यायची नाही. हातांपर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो. आणि इथं तर मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, गुडघ्यापर्यंत पाहिजे, खुर्चीत बसलेले, हातात पुस्तक.

नांदेडला जाताना सामान उचलायला शाळेचे शिपाई बरोबर यायचे. त्यांना सगळेच मामा म्हणायचे, मुख्याध्यापकसुद्धा. मामा किल्लारीपलीकडच्या एका खेड्यातले. भूकंपात घर गेलं, आई गेली, मग शाळेत चिकटले. त्यांची पोरगी आमच्याच शाळेत नववीत होती आणि खरं सांगायचं तर माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असा हात मी दुसरा पाहिला नाही. एलिमेंटरीला ए ग्रेड. पुढच्या वर्षी तिला इंटरमिजिएटला बसवायचं हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. मी वर्गात पोरांना एकच गोष्ट घोकायला लावायचो: जे दिसतं ते काढा, मनानं सुंदर करू नका. बाकीची पोरं ऐकून सोडून द्यायची. ती अक्षरशः पाळायची. एकदा तिनं माझं चित्र काढलं तर शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा काढलं. मी रागावलो, आणि घरी जाऊन बटण लावून घेतलं. घड्याळाचा तुटका पट्टा मात्र दोरीनं बांधलेला तसाच राहिला.

पहिल्या दिवशी विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या अध्यक्षांच्या बंगल्यात आम्ही पोचलो तेव्हा सर फोनवर होते. दुसऱ्या दिवशी दारात मोर्चेवाले होते. तिसऱ्या दिवशी बसले, पण बसल्या बसल्या माझ्याशी चित्रकलेवर बोलायला लागले, आणि बोलताना माणसाचं तोंड हलतं. तरी चेहरा मी पकडला. कपाळ भव्य, नाक सरळ, डोळ्यांत एक प्रकारची करुणा, जी खरं तर मोतीबिंदूची सुरुवात होती. चौथ्या दिवशी ते म्हणाले की चेहरा झाला ना, मग बाकीचं शरीर तर कुणाचंही सारखंच असतं. समतेवर त्यांची खूप भाषणं झाली होती, पण इतकं थेट मी पहिल्यांदाच ऐकलं. झब्बा, जाकीट आणि शाल खुंटीवर होती. मामांकडं बोट दाखवून म्हणाले, यांना घाला आणि काढा. आणि गाडीत बसून परभणीला गेले.

मामा घालायला तयार होईनात. त्यांच्या मानेखाली इस्त्रीचा झब्बा आला तेव्हा ते इतके ताठ झाले की मला वाटलं, आता चित्राऐवजी पुतळाच करावा. खुर्चीत बसवलं, हातात जाडजूड पुस्तक दिलं, खांद्यावर शाल. पाठ आतल्या दाराकडं होती. मी रंग कालवत होतो, तेवढ्यात आतून काकू आल्या, सरांच्या सौभाग्यवती. त्यांना पाठमोरी शाल दिसली. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्यात गोळी. मागूनच हात पुढं करून म्हणाल्या की जगाला शिस्त शिकवता आणि स्वतःची बीपीची गोळी वेळेवर घेता येत नाही. मामांनी मान खाली घालून गोळी घेतली, पाणी प्यायले आणि ग्लास परत दिला. मग काकूंनी चेहरा पाहिला. त्यांचा रंगच उडाला. गिळलीत कशाला, असं त्यांनी विचारलं, तर मामा म्हणाले, "बाईनं दिली, मग न्हाई कसं म्हणावं." माझ्या हातातला ब्रश हसून हसून खाली पडला. काकूंनी घाईघाईनं मीठसाखरेचं पाणी करून आणलं आणि यांना आता अजिबात उठू देऊ नका म्हणून मला बजावलं. मामा तासभर मान एका बाजूला कलवून अर्धवट डोळे मिटून बसले. अशी बैठक देवालासुद्धा मिळाली नसती. मी मान, खांदे, शाल, सगळं उरकून घेतलं. पुढे अनावरणाच्या दिवशी एका मराठीच्या प्राध्यापकानं त्या कललेल्या मानेला चिंतनाचा भार असं नाव दिलं.

मग हात आले. पुस्तकावर ठेवलेला डावा हात माझ्या समोर होता. अंगठ्याला नख नव्हतं. नखाच्या जागी चकचकीत, सुरकुतलेली कातडी. शेजारचं बोट मधल्या पेरापासून वाकडं, बाहेरच्या बाजूला वळलेलं. इतकी वर्षं ते रोज माझ्या टेबलावर चहा ठेवत होते आणि मी कधी बघितलं नव्हतं. विचारलं, हे कशानं झालं. गोळीनं जीभ सैल झाली असेल, एरवी ते बोलणारे नाहीत.

गणपती बुडवून आलेली माणसं अंगणातच आडवी झाली होती, त्यात मामा होते. आई आणि चार वर्षांची पोर घरात. पहाटे भिंत बसली. आमच्याकडच्या भिंती म्हणजे हातभर जाडीच्या, दगड आणि माती. टिकाव आत, फावडं आत. मामांनी हातानं सुरू केलं. आतून पोरीचा आवाज येत होता, पाणी मागत होती. "तिला म्हणलं, बोलत राहा. गप बसू नको. गप बसलीस तर मला कळायचं न्हाई कुठं उकरायचं." पोर बोलत राहिली. पाणी संपलं, मग बाहुली, मग आजी उठत न्हाई, मग नुसतेच आकडे, एकपासून वीसपर्यंत, परत एकपासून. दिवस वर आला तेव्हा ती बाहेर निघाली. आई निघाली ती दुपारी. मामा म्हणाले की पोरगी अंधाराला भीत नाही, पण अजून कुणी बोलता बोलता गप झालं की तिचा जीव घाबरा होतो.

मी ब्रश उचलला आणि तो हात काढला. जसा दिसत होता तसा. बिननखाचा अंगठा, वाकडं बोट, सांध्यांवरचे काळे डाग. मला सरांचा विसर पडला, मुख्याध्यापकांचा पडला, तासाचाही पडला. सलग दोन दिवस मी हातच काढत होतो आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं, हे मला काढतानाच कळत होतं. फक्त ते कुणाच्या शरीराला लागलंय हे कळत नव्हतं. एवढा मोठा गाढवपणा माझ्यासारखा मास्तरच करू शकतो, जो वर्षानुवर्षं पोरांना एकच वाक्य घोकायला लावतो आणि मग स्वतःच त्यात अडकतो.

चित्र वाळवायला म्हणून एसटीनं लातूरला आणलं. मामा ते उभं धरून मधल्या जागेत बसले होते. अहमदपूरला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं आधी तसबिरीला हात जोडले, मग हळूच मामांना विचारलं, कधी वारले. मामा म्हणाले, "न्हाई ओ, अजून भाषणं करायलेत." म्हातारा चाकूरपर्यंत अवघडून बसला होता.

शेवटचं दाखवायला परत नांदेडला गेलो तेव्हा मुख्याध्यापकही आले. दिवाणखान्यात सर समोर बसले. मामांनी मागं उभं राहून चित्र दोन्ही बाजूंनी धरलं. म्हणजे कॅन्व्हासवर एक अंगठा होता आणि कॅन्व्हासच्या कडेला तोच, जिवंत. वीतभर अंतरावर. चार डोळे समोर होते, दोन चष्म्यांसकट, पण एकालाही ते दिसलं नाही.

सरांना कपाळ आवडलं. डोळे आवडले. मग ते वाकले आणि म्हणाले, "हा अंगठा असा का?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला पाहिजे होतं की सर, हा मामांचा हात आहे, तुम्हीच झब्बा घालायला लावला होतात. पण ते म्हणजे एका थोर माणसाला शिपायाचा हात लावणं, आणि मग चित्र परत, तास परत, खोली परत. इंटरमिजिएटसुद्धा परत. मी घसा खाकरला आणि बोलायला लागलो. म्हणालो, सर, तुमच्या पुस्तकातली वेदना चेहऱ्यात मावत नव्हती, म्हणून हातांत आणली. हे भूकंपाचे हात आहेत. एक बाप हातानं दगड उपसतोय, आत त्याची चार वर्षांची पोर आहे, तो तिला सांगतोय बोलत राहा, गप बसलीस तर मला कळणार नाही कुठं उकरायचं. मी सगळंच सांगून टाकलं. बाहुली सांगितली. आकडेसुद्धा सांगितले. कॅन्व्हासच्या मागं मामा उभे होते आणि कॅन्व्हास जराही हलला नाही.

सरांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग म्हणाले, "खरंय. त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हातानं दगड उपसले."

मुख्याध्यापकांनी होकारार्थी मान हलवली. भूकंपाच्या वेळी ते सोलापूरला सासुरवाडीत होते.

परतीच्या गाडीत मामा पुन्हा चित्र उभं धरून बसले होते. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, बघण्यासारखं काही नव्हतं तरी. लोहा आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सर, पोरीचा तास राहील ना आता?"

मी म्हणालो, राहील.

अनावरणाच्या आधी एक छोटा पेच झाला. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालायचा की नाही यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. सरांना फोन गेला. ते म्हणाले की मी आयुष्यभर अंधश्रद्धेच्या विरोधात लढलो, शकुन-अपशकुन मी मानत नाही. मग जरा थांबून म्हणाले की हार फ्रेमला न घालता खाली टेबलावर ठेवला तर चित्र नीट दिसेल.

हॉल भरला होता. क्लासेसचे मालक पुढच्या रांगेत, त्यामागं पालक, त्यामागं पोरं. स्वागतगीत म्हणणाऱ्या पोरींना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. मामांची पोरगी त्यात होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. मामा स्टेजच्या पायरीपाशी हारांचं ताट धरून उभे. सर आले. डावा हात शालीच्या आत होता. मला आधी वाटलं खांदा दुखत असेल. सत्कार घेतला तो उजव्या हातानं. पाणी प्यायले उजव्या हातानं. कागद उलटायला लागले तेव्हासुद्धा डावा बाहेर आला नाही. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख होतं, धडधाकट, महिन्यातून दोनदा कापलेलं. ते लोकांना कसं दाखवणार.

पडदा सरकला. चित्र दिसलं. मीच काढलं होतं तरी माझ्या अंगावर काटा आला. सरांनी बोलायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं कलेचं महत्त्व. कलेविना माणूस म्हणजे काय आणि कलेविना शिक्षण म्हणजे काय, हे असं समजावून सांगितलं की फिजिक्सचे क्लासवालेही मान डोलावत होते. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. तास वाचला, मी म्हटलं. मग ते चित्राकडं वळले.

"या हातांकडं बघा," ते म्हणाले. "मी कुणाला हे कधी सांगितलं नव्हतं."

आणि सांगितलं. नांदेडच्या दिवाणखान्यात 'आपण सगळे' होतं. पत्रिका छापायच्या वेळी मुख्याध्यापकांशी बोलताना ते 'आम्ही' झालं होतं. स्टेजवर ते 'मी' झालं. पाचवा दिवस पहिला झाला. पत्रकारांची गाडी गेली. त्यांनी दगड उपसले, नख गेलं, बोट मोडलं, आणि दगडांखालून येणाऱ्या एका अनोळखी चिमुकल्या आवाजाला ते म्हणत होते, बोलत राहा बाळ, थांबू नकोस. मामांचं वाक्य इतकं घासूनपुसून घेतलं होतं की त्याला इस्त्रीचा वास येत होता. आकडेसुद्धा आले, पण वीसपर्यंत नाही, शंभरपर्यंत. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. कुणीतरी विचारलं असतं की ती मुलगी आता कुठं आहे, तर सांगता आलं असतं, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी. कुणी विचारलं नाही.

तिनं बापाकडं पाहिलं नाही. स्टेजकडंही पाहिलं नाही. तिनं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. आणि बघतच राहिली. तिला वाटत असणार की आता ड्रॉइंगसर उठतील. मी बावीस वर्षं वर्गात तेच एक वाक्य बोलत आलो होतो ना. मामांनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं आणि मला ते येत होतं. पण बैठक दहा दिवसांवर होती.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जरा जोरातच वाजवल्या.

दहा दिवसांनी बैठक झाली. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून पुन्हा चहा पाजला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, सर तुमच्याविषयी अर्धा तास बोलले. असा कलावंत या मातीत शोधून सापडायचा नाही. मग अशा माणसाला पोरांची लिंबं आणि मडकी तपासत बसवणं हा कलेचा अपमान आहे, असं सरांनीच मांडलं, आणि सगळ्यांना पटलं. तर दिवाळीनंतर चित्रकलेचा तास बंद. खोलीची भिंत पाडून टेस्ट सिरीजचा हॉल. हॉलला सरांचं नाव, आणि तैलचित्रही तिथंच. मला नोकरीवरून काढणार नव्हते, त्यांचं मन मोठं होतं. टेस्टच्या वेळी सुपरव्हिजन करायचं. मी नांदेडला फोन लावला. सर प्रेमानं म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही आता मोकळे झालात." फोन ठेवल्यावर मी मोकळेपणानं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. त्यातल्या बऱ्याच मी स्वतःलाच दिल्या होत्या.

मामांना मीच सांगितलं. ते माठ धूत होते. माठ धुऊन झाला, पालथा घातला, मग म्हणाले, "बरं." एवढंच. त्यानंतरही रोज माझ्या टेबलावर पाणी ठेवायचे, चहा ठेवायचे. पण आता मी त्यांचा हात बघितल्याशिवाय पेला उचलू शकत नव्हतो, आणि बघितल्यावर पाणी उतरत नव्हतं.

सुट्टीच्या आधी शेवटचा तास झाला. नववीचाच होता. खोलीत निम्मं सामान बांधलेलं, स्टूल कुणीतरी आधीच ऑफिसात नेलं होतं. मी पोरांना म्हणालो, आज विषय नाही, मनाला येईल ते काढा. मग माझ्याच जिभेला सवय, म्हणून पुढचंही निघून गेलं, पण जे पाहिलंय तेच काढा. पोरांनी किल्ले काढले, फटाके काढले, एकानं क्रिकेट काढलं. ती शेवटच्या बाकावर पूर्ण तास मान वर न करता बसली होती. घंटा झाल्यावर कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि निघून गेली.

मी उलटा केला. तिनं तैलचित्र काढलं नव्हतं, सरही काढले नव्हते. स्टेज कोपऱ्यात नुसतं दोन रेघांत होतं, पायरीपाशी ताट धरलेल्या माणसाची पाठ होती. बाकी सगळा कागद भरून दोन हात होते, टाळी वाजवणारे, एकमेकांवर आपटायच्या किंचित आधीचे. उजव्या हाताच्या नखात निळा रंग अडकलेला होता. डाव्या मनगटावर पट्टा तुटलेलं, दोरीनं बांधलेलं घड्याळ होतं. त्यात साडेअकरा वाजले होते, भाषण संपलं त्या वेळेचे.

मी लाल पेन्सिल हातात घेतली. अंगठ्याची लांबी मोजली, पेरं मोजली, मनगटाचा वळसा बघितला, सावली कुठून पडते ते बघितलं. बावीस वर्षांची सवय होती, कुठंतरी चूक सापडेल म्हणून शोधत राहिलो. एकही सापडली नाही.